हजार ओळींचे फंक्शन कोण वाचणार?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतील निर्वात नळ्या, टांगते आरसे आणि लेसर यांविषयी वृत्तपत्रांतून बरेच लिहून आले आहे. हे यंत्र ज्या आज्ञावल्यांच्या आधाराने चालायचे आहे, त्यांच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे जे दोन शोधक आहेत, त्यांच्याच आराखड्यावर औंढ्याचा शोधक बेतलेला आहे. साहजिकच त्याच्या नियंत्रणाच्या आज्ञावल्याही त्याच घराण्यातल्या असतील, असे मानावयास हरकत नाही. म्हणजे औंढ्यात नेमणूक होणाऱ्या तरुण अभियंत्यापुढे सातासमुद्रापार बसलेल्या माणसांनी बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेले काम येणार. रात्री दोन वाजता यंत्राचा तोल सुटला, की त्याला ते वाचून समजून घ्यावे लागेल. लिहिणारा शेजारी नसेल. कदाचित तो तोवर निवृत्तही झालेला असेल.

अशा वाचकाची सर्वांत मोठी अडचण म्हणजे लांबलचक फंक्शन. ते फोडून लहान, वाचता येण्याजोगे भाग कसे करावेत, ही संगणक क्षेत्रातील एक जुनी आणि व्यवस्थित अभ्यासलेली विद्या आहे. तिला 'रिफॅक्टरिंग' म्हणतात. आज्ञावलीचे बाहेरून दिसणारे वर्तन अजिबात न बदलता तिची आतील रचना सुधारणे, असा त्याचा अर्थ. नवी सोय जोडणे किंवा जुना दोष दुरुस्त करणे, ही कामे त्यात येत नाहीत.

<b>लांब म्हणजे किती लांब?</b>

आज्ञावलीतील ज्या तुकड्याला स्वतःचे नाव असते आणि जो त्या नावाने कोठूनही बोलावता येतो, त्याला फंक्शन म्हणतात. जावासारख्या भाषांत त्यालाच मेथड म्हणण्याची पद्धत आहे. ही कल्पना नवी नाही. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक १९४९ मध्ये सुरू झाला, तेव्हाच मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी अशा उपआज्ञावल्यांचा संग्रह करण्यास आरंभ केला आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. त्या वेळी मुख्य हेतू एकच काम पुन्हा पुन्हा लिहावे लागू नये, हा होता. त्यामुळे आजही अनेक प्रोग्रॅमर 'हा भाग दोन ठिकाणी लागत नाही, मग वेगळा कशाला काढायचा?' असे विचारतात. एकदाच लागणाऱ्या भागालाही नाव देण्याने वाचणाऱ्याची सोय होते, हे लक्षात यायला पुढची काही दशके जावी लागली.

लांबीची मर्यादा प्रत्येक घराण्याने आपापली ठरवली आहे. लिनक्सच्या लेखनशैलीचे नियम सांगतात, की फंक्शन एक-दोन पडद्यांत मावावे आणि त्यातील स्थानिक चलांची संख्या पाच ते दहाच्या पुढे जाऊ नये. पडदा म्हणजे २४ ओळींचा जुना पडदा. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये सुरक्षिततेच्या दृष्टीने नाजूक असलेल्या आज्ञावल्यांसाठी दहा नियम प्रसिद्ध केले. त्यांत फंक्शन कागदाच्या एका पानावर छापता यावे, म्हणजे साधारण ६० ओळींच्या आत असावे, असा एक नियम आहे.

ओळी मोजणे सोपे असले, तरी पुरेसे नाही. तीस ओळींच्या फंक्शनमध्येही अटींच्या आत अटी आणि त्यांच्या आत लूप असू शकतात. म्हणून थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये गुंतागुंतीचे एक माप सुचवले. फंक्शनमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा किती, हे ते माप सांगते. दहाच्या आतला आकडा बरा, असा मॅकेब यांचा सल्ला होता. प्रत्येक वाट निदान एकदा तपासायची, तर तितक्या चाचण्या लिहाव्या लागतात, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान.

हा केवळ पुस्तकी हिशेब नाही. टोयोटाच्या कॅमरी मोटारीला २००७ मध्ये झालेल्या एका अपघाताचा खटला २०१३ मध्ये ओक्लाहोमातील न्यायालयात चालला. तेव्हा वादींच्या वतीने मायकेल बार या तज्ज्ञाने इंजिन नियंत्रणाच्या आज्ञावलीविषयी साक्ष दिली. तिच्यातील ६७ फंक्शनांची गुंतागुंत मॅकेबच्या मापाने ५० च्या वर होती आणि थ्रॉटलचा कोन ठरवणाऱ्या फंक्शनची १०० च्याही वर, असे त्याने सांगितले. अपघाताचे कारण नेमके तेच होते काय, यावर मतभेद आहेत. नासाने त्याआधी, २०११ मध्ये, केलेल्या तपासणीत वेग आपोआप वाढण्यामागे इलेक्ट्रॉनिक दोष असल्याचा पुरावा सापडला नव्हता. पण शंभर वाटांचे फंक्शन पुरेसे तपासले आहे, असे कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही, हा मुद्दा त्या मतभेदाने कमी होत नाही.

<b>हळदीची पट्टी</b>

हजार ओळींचे फंक्शन कोणीही एका बैठकीत लिहीत नाही. ते वाढत जाते. नियम बदलतो, कर बदलतो, ग्राहकाची नवी मागणी येते आणि घाईच्या दिवशी 'तूर्त येथेच एक अट टाकू' असे ठरते. प्रत्येक वेळी चार ओळी वाढतात आणि चार ओळींसाठी रचना बदलणे कोणालाच परवडत नाही.

हिंगोली आणि वसमत येथील हळदीच्या बाजारावरून एक कल्पित उदाहरण घेऊ. शेतकऱ्याची हळद आली, काट्यावर वजन झाले, बोली लागून दर ठरला आणि अखेरीस त्याच्या हाती हिशेबाची पट्टी पडली. हे काम करणाऱ्या आज्ञावलीत 'पट्टी काढ' नावाचे साडेतीनशे ओळींचे एकच फंक्शन आहे, असे समजू. ते आवकेची नोंद वाचते, बारदानाचे वजन वजा करते, दराने गुणून किंमत काढते, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वळती करते, पट्टी छापते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश पाठवते.

त्यात 'व' नावाचा एक चल आहे. आरंभी त्यात गोण्यांसह एकूण वजन असते. नव्वदाव्या ओळीनंतर त्याच चलात बारदान वजा केलेले निव्वळ वजन ठेवले जाते. लिहिणाऱ्याला हे ठाऊक होते. तीन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमरला दोनशे दहाव्या ओळीवर एक नवा नियम घालायचा आहे. त्याने तेवढीच तीस-चाळीस ओळींची खिडकी पाहिली, 'व' म्हणजे एकूण वजन असावे असा समज करून घेतला आणि किंमत नव्याने काढण्यापूर्वी बारदान पुन्हा वजा केले. चाळीस गोण्या, प्रत्येक गोणीमागे एक किलो बारदान आणि क्विंटलला १३,००० रुपये दर धरला, तर शेतकऱ्याच्या पट्टीतून ५,२०० रुपये नाहीसे होतात. संगणक कोणतीही तक्रार करीत नाही. पट्टी सुबक छापून येते. संगणकाने काढलेला आकडा म्हणून शेतकरीही ती मुकाट्याने घेऊन जातो.

आता तेच फंक्शन फोडून लिहिले, तर कसे दिसेल? भारतीय भाषांत आज्ञावली लिहिण्याची रीत व्यवहारात रुळलेली नाही. तरी समजण्यासाठी मराठीतच मांडू :

पट्टी तयार कर (आवक)
— निव्वळ = निव्वळ वजन काढ (आवक)
— किंमत = मालाची किंमत काढ (निव्वळ, दर)
— वजावट = हमाली, तोलाई व उचल यांची बेरीज कर (आवक)
— देय = किंमत वजा वजावट
— पट्टी छाप (आवक, निव्वळ, किंमत, वजावट, देय)
— शेतकऱ्याला संदेश पाठव (आवक, देय)

साडेतीनशे ओळी नाहीशा झालेल्या नाहीत. त्या सहा-सात लहान फंक्शनांत गेल्या आहेत. फरक असा, की संगणकाचा गंध नसलेला बाजारातील मुनीमही वरचा मजकूर वाचून 'हो, आमचे काम असेच चालते' किंवा 'नाही, तोलाई अशी धरत नाहीत' असे सांगू शकेल. ज्याला फक्त वजनाचा नियम तपासायचा आहे, तो 'निव्वळ वजन काढ' या चार ओळींच्या फंक्शनमध्ये जाईल, बारदान एकदाच वजा होते हे पाहील आणि परत येईल. छपाईच्या दीडशे ओळी त्याला ओलांडाव्या लागत नाहीत.

आणखी एक लाभ होतो, तो पहिल्या नजरेत दिसत नाही. जुन्या फंक्शनमध्ये हिशेब, छपाई आणि संदेश एकमेकांत मिसळले होते. त्यामुळे हिशेबाची चाचणी घ्यायची, तर छपाईयंत्र जोडावे लागे आणि कोणा शेतकऱ्याला खोटा संदेशही जाई. आता किंमत आणि वजावट यांची फंक्शने कशालाही हात न लावता केवळ उत्तर देतात. त्यांची हजार चाचण्यांची फेरीसुद्धा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पूर्ण होते. उत्तर देणारी फंक्शने वेगळी आणि काही घडवून आणणारी वेगळी ठेवावीत, हा आग्रह बर्ट्रांड मेयर या संगणकशास्त्रज्ञाने धरला होता. लांब फंक्शन फोडताना तो फार उपयोगी पडतो.

<b>फोडण्याची रीत</b>

रिफॅक्टरिंगचा एक आरंभीचा पद्धतशीर अभ्यास विल्यम ओपडाइक यांनी इलिनॉय विद्यापीठात केला. त्यांचा प्रबंध १९९२ चा. पण ही विद्या घराघरांत नेली ती मार्टिन फाउलर यांच्या १९९९ मध्ये निघालेल्या 'रिफॅक्टरिंग' या पुस्तकाने. सुधारणा मागणाऱ्या रचनांना त्यात 'दुर्गंध' म्हटले आहे आणि 'लांब मेथड' हा त्यांपैकी एक ठळक दुर्गंध. त्यावरचा प्रमुख उपाय 'एक्स्ट्रॅक्ट मेथड', म्हणजे मोठ्या मेथडमधून एखादा भाग उचलून स्वतंत्र नावाने बाहेर काढणे. २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत उदाहरणे जावास्क्रिप्टमध्ये आली आणि उपायाचे नाव 'एक्स्ट्रॅक्ट फंक्शन' झाले. कृती तीच राहिली.

कोठे कापायचे, हे जुने फंक्शन स्वतःच सांगत असते. 'आता वजावटी काढू' अशी टिप्पणी जेथे लिहिलेली असते, तेथे बहुधा एक फंक्शन दडलेले असते आणि ती टिप्पणीच त्याचे नाव होऊ शकते. मधली रिकामी ओळ हीसुद्धा खूण असते. लूपच्या पोटातला मजकूर, लांबलचक अट, तसेच 'जर'च्या दोन शाखा या कापण्याच्या आणखी काही जागा.

खरी कसोटी लागते ती चलांची. उचललेल्या भागाला बाहेरून काय लागते आणि तो बाहेर काय देतो, हे मोजावे. जे लागते ते पॅरामीटर म्हणून आत द्यावे. जे मिळते ते उत्तर म्हणून परत घ्यावे. आत आठ गोष्टी द्याव्या लागत असतील आणि बाहेर चार येत असतील, तर सुरी चुकीच्या जागी ठेवली आहे असे समजावे. कधी कधी एकत्र फिरणाऱ्या चार-पाच गोष्टींची एकच मोट बांधली, की काम सोपे होते. वरच्या उदाहरणातील 'आवक' ही तशीच मोट आहे. चल अगदीच गुंतलेले असतील, तर संपूर्ण मेथडचाच एक स्वतंत्र वर्ग करून त्या चलांना त्यात घर द्यावे, असाही उपाय फाउलर सांगतात.

येथे हिंगोलीकरांना परिचित असलेली एक गोष्ट आठवते. फाउलर यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १ मे १९९९ रोजी, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय वेगळे झाले, पाच तालुक्यांचा कारभार जवळ आला. पण जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक परभणीचीच राहिली आणि विधान परिषदेचा स्थानिक स्वराज्य संस्थांचा मतदारसंघही परभणी-हिंगोली असा सामायिकच राहिला. कागदावर रेघ ओढल्याने सर्व धागे तुटत नाहीत. फंक्शन फोडतानाही दोन्ही भाग ज्या सामायिक चलाला हात लावतात, तो चल पाहिल्याशिवाय विभाजन पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. असा चल दोघांच्याही वर, सर्वांना खुला ठेवला, तर फंक्शने लहान दिसतात, पण एकाने बदललेली किंमत दुसऱ्याला नकळत मिळते आणि 'व'ची कथा नव्या रूपात सुरू होते.

हे सर्व करण्यापूर्वी चाचण्या हव्यात. मायकेल फेदर्स यांनी २००४ मधील आपल्या पुस्तकात 'ज्याला चाचण्या नाहीत ते वारशाने आलेले जुने काम', अशी सडेतोड व्याख्या केली आहे. अशा कामात आधी वर्तनाची नोंद करणाऱ्या चाचण्या लिहाव्यात, असे त्यांचे सांगणे. आज्ञावलीने काय करायला हवे, हा प्रश्न येथे नसतो. ती आज काय करते, एवढेच टिपायचे असते. गेल्या हंगामातील दोनशे पट्ट्या घ्याव्यात, त्यांचे आकडे जपून ठेवावेत आणि प्रत्येक बदलानंतर तेच आकडे येतात की नाही, ते पाहावे. एखादा आकडा मुळातच चुकलेला आढळला, तर तो लिहून ठेवावा आणि रिफॅक्टरिंग संपल्यावर वेगळा दुरुस्त करावा. रचना बदलणे आणि वर्तन बदलणे या दोन टोप्या आहेत, एका वेळी एकच डोक्यावर असावी, अशी उपमा केंट बेक यांनी दिली आहे. दोन्ही एकदम घातल्या, की आकडा बदलल्यावर तो दुरुस्तीमुळे बदलला की कापण्यातील चुकीमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.

पावले लहान असावीत. एक भाग काढावा, कंपाइल करावे, चाचण्या चालवाव्यात, जतन करावे, मग दुसरा. यांत्रिक भाग आता संगणकच करतो. २००१ मध्ये आलेल्या इंटेलिजे आयडिया आणि एक्लिप्स या साधनांनी ओळी निवडून कळा दाबल्या की नवी मेथड तयार करण्याची सोय जावाच्या प्रोग्रॅमरांना दिली. कोणते चल आत जायचे, कोणता बाहेर यायचा, हे साधनच ठरवते. नाव मात्र माणसाने द्यायचे असते, आणि सगळा कस तेथेच लागतो. 'प्रक्रिया कर', 'भाग दोन', 'मदत' अशी नावे देऊन फोडलेले फंक्शन मूळ लांब फंक्शनपेक्षा वाईट, कारण पूर्वी निदान सगळे एका जागी तरी होते. फंक्शन काय साधते, हे नावात यावे. कसे साधते, ते आत असतेच. नाव सुचत नसेल, किंवा नावात 'आणि' घालावे लागत असेल, तर आत दोन कामे आहेत का, ते पाहावे.

<b>गार्डियनची वाट</b>

आता पुन्हा औंढ्याकडे वळू. गुरुत्वीय लहर टिपायची, तर आधी शोधक 'लॉक' व्हावा लागतो. म्हणजे टांगलेल्या आरशांमधील अंतरे इतकी अचूक राखावी लागतात, की लेसरचा प्रकाश भुजांमध्ये अनुनादात टिकून राहील. हे एका कळीने होत नाही. आधी आरशांची दिशा जुळवायची, मग ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरने भुजा पकडायच्या, नंतर १०६४ नॅनोमीटरच्या मुख्य लेसरकडे ताबा द्यायचा, पुढे शक्ती वाढवायची आणि गोंगाट कमी करणारी मांडणी एकेक करून चालू करायची. दूरच्या भूकंपाचा हादरा पोहोचला तरी लॉक सुटू शकतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

लांबलचक फंक्शन जन्माला येण्यासाठी यापेक्षा सुपीक जमीन दुसरी नसेल. 'हे कर, मग ते कर, बिघडले तर मागे जा' अशी हजारो ओळींची एकच संहिता सहज तयार झाली असती. प्रगत लायगोसाठी मात्र 'गार्डियन' नावाची वेगळी प्रणाली बनवण्यात आली. कॅलटेकमधील जेम्सन रोलिन्स यांनी २०१६ मध्ये तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ती पायथन भाषेत आहे. यंत्राच्या प्रत्येक उपविभागासाठी तिच्यात स्वतंत्र पहारेकरी असतो, आणि त्या पहारेकऱ्यांवर देखरेख करणारे वरच्या पायरीचे पहारेकरी असतात.

प्रत्येक पहारेकऱ्याचे काम नाव दिलेल्या लहान लहान 'स्थितीं'मध्ये फोडलेले असते. एका स्थितीत मुख्यतः दोन मेथड लिहायच्या : 'मेन' ही त्या स्थितीत प्रवेश करताना एकदाच चालते, तर 'रन' पुन्हा पुन्हा चालते. 'रन'ने 'काम झाले' असे उत्तर दिले, की पुढे जाता येते. तिने दुसऱ्या स्थितीचे नाव उत्तरादाखल दिले, तर यंत्र तडक तिकडे जाते. कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत जाता येईल, याचा नकाशा वेगळा मांडलेला असतो. चालकाने 'मला तेथे जायचे आहे' असे सांगायचे. वाट गार्डियन शोधतो.

रिफॅक्टरिंगच्या दृष्टीने यातील शहाणपण दोन ठिकाणी आहे. एक तर क्रम हा कृतीपासून वेगळा काढलेला आहे. लांब फंक्शनमध्ये क्रम ओळींच्या जागेतच दडलेला असतो. एखादा टप्पा वगळून पाहायचा, तर ओळी टिप्पणीत टाकाव्या लागतात. येथे नकाशातील एक रेघ बदलते. दुसरे म्हणजे, बिघाडाच्या वेळी चालकाच्या पडद्यावर स्थितीचे नाव असते. 'दोन हजार एकशे चौदाव्या ओळीवर थांबले' हे कळणे आणि 'शक्ती वाढवताना लॉक सुटला' हे कळणे, यांत रात्री दोन वाजता फार मोठे अंतर असते. सुरुवातीला उल्लेखिलेल्या अभियंत्याला पहिला धागा तेथेच सापडतो.

<b>आक्षेप आणि मर्यादा</b>

लहान फंक्शनांनी वेग कमी होतो, हा सर्वांत जुना आक्षेप. प्रत्येक बोलावण्याला थोडा खर्च पडतो, हे खरे. पण सी किंवा जावाचे कंपायलर लहान फंक्शनचा मजकूर बोलावणाऱ्याच्या जागीच पसरून तो खर्च बहुधा नाहीसा करतात. जावाच्या हॉटस्पॉट यंत्रणेत तर उलटेच घडते : ज्या मेथडचा बाइटकोड ८,००० बाइटांहून मोठा, ती मेथड कंपाइल करण्याचेच ही यंत्रणा मूळ मांडणीत नाकारते आणि ती मेथड कायम सावकाश चालते. पायथनमध्ये मात्र बोलावण्याचा खर्च जाणवतो. लायगोच्या शोधकातून गुरुत्वीय लहरींचा मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा नोंदला जातो. अशा प्रत्येक आकड्यासाठी एक पायथन फंक्शन बोलावणे शहाणपणाचे नाही. तेथे संपूर्ण तुकडाच एकदम गणिती ग्रंथालयाकडे सोपवतात.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. रॉबर्ट मार्टिन यांनी २००८ च्या 'क्लीन कोड' या पुस्तकात फंक्शने लहान, आणि त्याहूनही लहान असावीत, असा आग्रह धरला. दोन-चार ओळींच्या फंक्शनांची त्यांना भीती वाटत नाही. स्टॅनफर्डचे जॉन ऑस्टरहाउट यांना हे पटत नाही. तुकडे फार बारीक झाले, की प्रत्येकाचा अर्थ शेजारच्या तुकड्यावर अवलंबून राहतो आणि वाचणाऱ्याला सतत उड्या माराव्या लागतात, असे त्यांचे २०१८ च्या पुस्तकातील म्हणणे. या दोघांनी पुढे एकमेकांशी लेखी वादही केला. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातील जॉन कारमॅक यांनी २००७ मधील एका टिपणात याहून पुढे जाऊन, एकदाच बोलावली जाणारी फंक्शने जागच्या जागी सलग लिहिण्याची बाजू मांडली होती. कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने घडते, ते त्यामुळे डोळ्यांसमोर राहते, असा त्यांचा अनुभव.

प्रस्तुत लेखकाचा कल ऑस्टरहाउट यांच्याकडे आहे. लहान फंक्शनचे नाव वाचून आत न डोकावता पुढे जाता आले, तरच फोड सार्थकी लागली. 'मालाची किंमत काढ' हे वाचून कोणी थांबत नाही. पण प्रत्येक नावामागे काय आहे ते पाहावेच लागत असेल, तर लांब फंक्शनचे ओझे कमी झालेले नसते, फक्त दहा फायलींत विखुरलेले असते. दीडशे ओळींचे, एका सरळ रेषेत चालणारे, अटी नसलेले आणि वर्षानुवर्षे कोणी न बदललेले फंक्शन दिसले, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे हे बरे. ज्या फंक्शनमध्ये दर महिन्याला कोणीतरी हात घालतो आणि दर वेळी काहीतरी मोडते, तेथून आरंभ करावा. अशी फंक्शने कोणती, हे बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटसारख्या प्रणालीला विचारले, की काही मिनिटांत कळते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून आज्ञावली लिहून घेण्याची आणि फोडून घेण्याचीही सोय झाली आहे. फोड ती झटपट करतात, नावेही बरी देतात. परंतु 'व' या चलात नव्वदाव्या ओळीनंतर काय असते, हे त्यांनी ओळखले की नाही, याचा निर्णय शेवटी जतन केलेल्या दोनशे पट्ट्यांनीच द्यायचा असतो.

ज्यांना खऱ्याखुऱ्या, मोठ्या आणि वापरात असलेल्या आज्ञावल्या वाचण्याचा सराव करायचा आहे, त्यांना लायगोच्या परिवारातच भरपूर साहित्य मिळेल. लहरींच्या शोधासाठी सी भाषेत वाढत गेलेला 'लालसूट' हा संग्रह, तसेच पायथनमधील 'पायसीबीसी' आणि 'जीडब्ल्यूपाय' या आज्ञावल्या कोणालाही उघडून पाहता येतात. शोधकांनी टिपलेली माहितीही मुक्त केंद्रामार्फत उपलब्ध आहे. हिंगोली, नांदेड किंवा परभणीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने त्यातील एखादे शंभरभर ओळींचे फंक्शन निवडावे, १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या पहिल्या लहरीची माहिती त्याला द्यावी, येणारे आकडे जपून ठेवावेत आणि मग कापायला बसावे. औंढ्याचा प्रकल्प २०३० च्या सुमारास पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. सरावाला तेवढा अवधी आहे.